बालकांच्या मेंदूतील रक्ताच्या गुठळ्या
(शिक्षक व पंचायत सदस्यांसाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



अर्धांगवायू हा वार्धक्याचा विकार होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पाळण्यातल्या बाळालाही मेंदूत रक्त गोठण्याचा विकार होऊ शकतो, हे सांगितले तर अनेकांना ते पटत नाही. मेंदूला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या असतात, तशाच ते परत हृदयाकडे नेणाऱ्या नीलाही असतात. नाली तुंबली म्हणजे पाणी मागे फुगते. तद्वतच नीलांमध्ये गुठळी झाली, की रक्ताचा निचरा खुंटतो, मेंदूवरील दाब वाढतो, सूज येते आणि कधी रक्तस्रावही होतो.

हा विकार कितपत आढळतो? कॅनडामध्ये १९९२ ते १९९७ या काळात देशभरातील १६० बालरुग्णांची पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. दर एक लक्ष मुलांमागे वर्षाला ०.६७ असे प्रमाण त्यात आढळले. यांपैकी ४३ टक्के नवजात अर्भके होती. आठ टक्के मुले दगावली आणि ३८ टक्के मुलांत मज्जासंस्थेचे दोष राहिले.

२०११ च्या जनगणनेनुसार यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ होती. मुलांचा वाटा एक तृतीयांश धरला आणि कॅनडाचेच प्रमाण लावले, तर वर्षाला सुमारे सहा मुले होतात. सोळा तालुक्यांत सहा! संख्या अल्प खरी. परंतु कॅनडाची परिस्थिती येथे नाही. अंगातील पाणी कमी होणे, रक्तक्षय, कानाचा जुना संसर्ग आणि सिकलसेल ही रक्त गोठण्यास पोषक कारणे होत, आणि ती झरी जामणी, मारेगाव, घाटंजीच्या वाड्यापाड्यांना अपरिचित नाहीत. मध्य भारतात सिकलसेल आढळल्याची नोंद नागपूरच्या शुक्ला व सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ सालीच केली होती. सिकलसेलग्रस्त मुलांत रोहिण्यांचा अडथळा अधिक दिसतो, तथापि नीलांनाही धोका असतोच.

निदानाची अडचण निराळीच आहे. पूर्वी हा विकार बहुधा शवविच्छेदनातच उघडकीस येई. साध्या सीटी स्कॅनमध्येही तो निसटू शकतो; नीलांचे चित्र घेणारी एमआरआय तपासणी अधिक भरवशाची ठरते. म्हणूनच तो दुर्मिळ वाटण्यात न ओळखला जाण्याचाही भाग आहे, हे नाकारता येत नाही.

लक्षणे मात्र गावातच दिसतात. तान्हे बाळ दूध ओढीत नाही, सुस्त पडते, त्याला आचके येतात. मोठ्या मुलाची डोकेदुखी दिवसेंदिवस वाढते, उलट्या होतात, दृष्टी अंधुक होते, गुंगी येते. अशा वेळी कांदा हुंगविण्यात वा भगताकडे जाण्यात अमूल्य तास निघून जातात. वर्गात फळ्यावरचे दिसत नाही म्हणणारा आणि रोज डोके धरून बसणारा विद्यार्थी आळशीच असेल, असे गृहीत धरणे बरे नव्हे. कान वाहणे हे तर इतके नेहमीचे झाले आहे, की त्याला कोणी आजार समजतच नाही. कानामागे सूज व ताप आला, तर संसर्ग जवळच्या नीलेपर्यंत पोहोचू शकतो.

उपचार आहेत. रक्त पातळ ठेवणारे हेपारिनसारखे औषध, आचक्यांवर औषध, शिरेतून द्रव आणि मूळ संसर्गावर प्रतिजैविके. हेपारिन तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच द्यावे लागते. त्यासाठी यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा नागपूरला जावे लागते. आचके येणाऱ्या मुलासाठी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी, आणि कुटुंबात सिकलसेल असल्यास ती गोष्ट, तपासणीच्या कार्डासह, डॉक्टरांना प्रथम सांगावी.