श्रवण : पाचव्या इंद्रियाची जपणूक

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त मलकापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपण स्वतःला श्रावक म्हणवितो. श्रावक म्हणजे ऐकणारा. स्पर्शन, रसना, घ्राण, चक्षू आणि शेवटी श्रोत्र, हा इंद्रियांचा क्रम आपण पाठशाळेत शिकलो. या पाचव्या इंद्रियाविषयी व त्याला मेंदूशी जोडणाऱ्या मज्जातंतूविषयी आज चार शब्द बोलणार आहे.

ध्वनी म्हणजे हवेतील कंपन. ते कानाच्या पडद्यावर पोचले की पडद्यामागील हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडे ते आत नेतात. रिकीब हे शरीरातील सर्वांत लहान हाड, जेमतेम ३ मिलिमीटरचे. पुढे शंखासारखी, सुमारे अडीच वेढ्यांची, द्रवाने भरलेली नळी आहे. तिच्यात प्रत्येक कानात सुमारे १५ हजार रोमपेशी असतात. द्रव हलला की त्यांचे सूक्ष्म रोम झुकतात, त्यातून विद्युत्-संदेश निर्माण होतो आणि श्रवण-मज्जातंतूवाटे तो मेंदूकडे जातो. शब्दाचा अर्थ लागतो तो तेथेच.

यावरून बहिरेपणाचे दोन मुख्य प्रकार लक्षात येतील. मळ साचणे, पडदा फाटणे, कान वाहणे यांमुळे ध्वनीची वाट अडते. त्यावर बहुधा औषध किंवा शस्त्रक्रिया चालते. मात्र कानात तेल ओतणे, काडी घालणे हे उपाय करू नयेत. दुसरा प्रकार रोमपेशी वा मज्जातंतूच्या हानीचा. पक्ष्यांमध्ये मेलेल्या रोमपेशी पुन्हा उगवतात, मनुष्यात उगवत नाहीत. गेलेली पेशी कायमची गेली.

आता थोडे गणित. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाकाठी ८ तास सोसवतो असे मानतात. पुढे दर ३ डेसिबलला ही मर्यादा निम्मी होते. १०० डेसिबलला ती अवघी १५ मिनिटे उरते. मिरवणुकीतील डॉल्बीसमोर तरुण मुले तासन् तास नाचतात. रस्त्यालगतच्या घरांत तान्ही बाळे आणि वृद्ध असतात. दुसऱ्या दिवशी कानात गुंजारव राहिला, तर ती रोमपेशींची तक्रार समजावी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. तथापि कायद्यापेक्षा आयोजकांचा विवेक अधिक उपयोगी पडतो.

बालकांच्या बाबतीत काळ फार मोलाचा. जन्मतः ऐकू न येणारे मूल बोलायलाही शिकत नाही, कारण मेंदूतील भाषेची जडणघडण पहिल्या काही वर्षांतच होते. म्हणून पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार, असा दंडक आहे. “बाप उशिरा बोलला, हाही बोलेल,” असे म्हणून थांबू नये. कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयातील कान-नाक-घसा विभागात दाखवावे. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच कार्याला वाहिलेली आहे. श्रवणयंत्राने भागले नाही, तर योग्य बालकांत कॉक्लिअर इम्प्लांट थेट मज्जातंतूला संदेश देते. परंतु त्यानंतरचा वाणी-उपचार घरच्यांनी चिकाटीने करावा लागतो.

वृद्धांची तक्रार वेगळी असते : “आवाज येतो, शब्द कळत नाहीत.” आपण ओरडतो, ते खजील होतात आणि हळूहळू बोलणेच सोडतात. अशा एकटेपणाचा आणि न सुधारलेल्या बहिरेपणाचा स्मृतिभ्रंशाशी संबंध असल्याचे अलीकडील अभ्यास दर्शवितात. चष्मा लावताना लाज वाटत नाही, मग श्रवणयंत्र लावताना का वाटावी? वृद्धांशी समोर बसून, सावकाश बोलावे. आणखी एक सूचना : एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर मळ समजून आठवडे घालवू नयेत. त्याच दिवशी वैद्यकीय सल्ला घ्यावा. उपचाराचा लाभ पहिल्या दिवसांतच अधिक होतो.

बंधू-भगिनींनो, मौनाचे महत्त्व आपल्याला कोणी सांगावयास नको. या वर्षी एवढाच संकल्प करूया : आपल्या घरच्या मंगलकार्यात आणि मिरवणुकीत डॉल्बी असणार नाही, प्रत्येक नवजात बालकाचे कान तपासले जातील आणि घरातील वृद्धाशी रोज दोन शब्द समोर बसून बोलले जातील. याला देणगीची गरज नाही.