छंद आणि धसका



एखाद्या मनुष्यानें एकाच विषयाचा ध्यास घेतला म्हणजे 'त्याला वेड लागलें' असें म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. हा शब्द आपण इतक्या सढळपणें वापरतों कीं, दोन अगदीं भिन्न अवस्था त्याच्या पोटांत एकत्र नांदूं लागतात. एक अवस्था स्वमग्न मुलाच्या छंदाची. दुसरी, आपल्याला कांहींतरी भयंकर रोग जडला आहे या धसक्याची. मी वैद्य नव्हे, शाळामास्तर आहें. परंतु या दोहोंची गल्लत झाल्यामुळें शहाण्यासुरत्या घरांतूनहि मुलांचे हाल होतात, म्हणून हा विषय मुद्दाम घेतला आहे.

समजा, औशाच्या बसस्थानकावर दहा वर्षांचा एक मुलगा उभा आहे. लातूर, निलंगा, उमरगा, तुळजापूर, कोणती गाडी किती वाजतां सुटते आणि कोणती नेहमीं उशीर करते, हें सारें त्याला मुखोद्गत आहे. त्याचें नांव विचारलें तर तो उत्तर देईलच असें नाहीं. पण निलंग्याच्या गाडीचें विचारा, पाऊण तास तुमची सुटका नाहीं. आतां दुसरा मनुष्य पाहा. चाळिशीचा, कर्ता, शिकलेला. त्यालाहि एकच विषय सुचतो, आपलें हृदय. दिवसांतून वीस वेळां तो नाडी पाहतो, रात्रीं उठून छाती चांचपतो, मोबाइलवर रोगांचीं लक्षणें वाचतो, आणि महिन्या-दोन महिन्यांनीं लातुरास जाऊन हृदयाचा आलेख काढून आणतो. दोघेहि एकाच खुंट्याभोंवतीं फिरत आहेत असें दुरून दिसतें. जवळ जाऊन पाहिलें म्हणजे कळतें कीं, पहिला खुंट्याला आपण होऊन बिलगला आहे आणि दुसरा त्याला बांधला गेला आहे.

पहिल्याची गोष्ट आधीं सांगतों. बाल्टिमोर येथील बालमानसवैद्य लिओ कॅनर यांनीं १९४३ सालीं अकरा मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें. 'स्वमग्नता' या नांवानें आज जी अवस्था ओळखली जाते, तिच्या अभ्यासाचा एक मोठा आरंभ तेथें झाला. त्यांतला पहिला मुलगा मिसिसिपी राज्यांतील डोनाल्ड ट्रिपलेट. माणसांपेक्षां आंकड्यांत आणि गरगर फिरणाऱ्या वस्तूंत तो अधिक रमे. १९४२ मध्यें त्याच्या आईबापांनीं त्याला गांवापासून सुमारें दहा मैलांवर, खंडानें शेती करणाऱ्या एका जोडप्याकडे ठेवलें. तें जोडपें मानसशास्त्र शिकलेलें नव्हतें. पोराला मोजमापाचा नाद आहे असें दिसतांच त्यांनीं त्याला विहीर खणावयास लावलें आणि ती किती खोल गेली हें सांगण्याचें काम दिलें. मक्याच्या ओळी तो पुन्हां पुन्हां मोजीत बसे. तेव्हां नांगर हातीं देऊन, नांगरतां नांगरतां मोज, असें सांगितलें. मेलेले पक्षी आणि किडे तो गोळा करूं लागला, तेव्हां त्याला त्यांच्या स्मशानासाठीं जागा नेमून दिली. १९४५ मध्यें कॅनर स्वतः तेथें गेले, त्या वेळीं हा मुलगा घोड्याचा नांगर धरून ओळीमागून ओळ सरळ नांगरीत होता. पुढें डोनाल्ड महाविद्यालयाचा पदवीधर झाला, आपल्या गांवच्या पेढींत त्यानें नोकरी केली, देशोदेशीं एकटा हिंडला, आणि २०२३ मध्यें, नव्वदीच्या उंबरठ्यावर, वारला.

आपल्या घरांत काय झालें असतें? 'तें मोजणें आधीं बंद कर' असा हुकूम सुटला असता. नंतर गंडेदोरे, नंतर छडी. विहीर किती परस गेली हें ज्याला सांगतां येतें, त्याला आपण गप्प बसवितों आणि मग तो बोलत नाहीं म्हणून रडतों!

नुसता ध्यास हा रोग नव्हे, हें महाराष्ट्राला तरी नव्यानें सांगावें लागूं नये. देवळालीच्या शाळेंतील शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर जन्मभर संख्यांशीं खेळत राहिले. चार अंकी संख्या घ्यावी, सगळे अंक सारखे मात्र नसावेत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानें मांडून वजाबाकी करावी, आलेल्या उत्तराचें पुन्हां तेंच करावें. सात खेपांच्या आंत ६१७४ येऊन उभी राहते. कापरेकरांना स्वमग्न ठरविण्याचा माझा मुळींच हेतु नाहीं. ध्यास आनंदाचा असला म्हणजे त्यांतून काय निघतें, एवढेंच दाखवावयाचें आहे.

आतां धसक्याकडे वळूं. जेरोम यांच्या १८८९ सालच्या एका विनोदी इंग्रजी पुस्तकांतला नायक वाचनालयांत बसून वैद्यकाचा ग्रंथ चाळतो आणि एक किरकोळ रोग वगळतां सगळे रोग आपल्याला आहेत अशी त्याची खात्री होते. आपण त्याला हंसतों. प्रत्यक्ष ज्याच्या घरांत असा मनुष्य आहे, त्याला हंसूं येत नाहीं. स्वीडनमध्यें अशा रुग्णांचा मोठा अभ्यास होऊन २०२३ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध झाले: रोगभयानें ग्रासलेलीं माणसें इतरांपेक्षां सरासरी सुमारें पांच वर्षें आधीं मरण पावलीं, आणि त्यांच्यांत आत्महत्येचें प्रमाण सुमारें चौपट आढळलें. रोग काल्पनिक म्हटला तरी यातना खऱ्याच असतात.

या धसक्याचें यंत्र कसें चालतें? आमच्या औसा तालुक्याला एक दृष्टान्त लगेच पटेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीस भूकंप झाला, आणि त्यानंतर कित्येक रात्री, ज्यांचीं घरें शाबूत होतीं तीं माणसेंहि उघड्यावर निजलीं. त्या भीतीला कारण होतें. जमीन अधूनमधून पुन्हां हलत होती. जमीन स्थिरावली तशी पुष्कळांची भीतिहि ओसरली. रोगाचा धसका घेतलेल्याचें निराळें. जमीन थांबली तरी तो दर तासाला भिंतीला हात लावून पाहतो. भिंत हलत नाहीं हें कळतांच घटकाभर बरें वाटतें. पण त्या बऱ्या वाटण्याचीच चटक लागते, आणि पुन्हां हात लावल्याशिवाय चैन पडत नाहीं. डॉक्टरांचें 'कांहीं नाहीं' हें उत्तर त्याला संध्याकाळपर्यंतच पुरतें. म्हणून घरच्यांनीं पन्नास वेळां धीर देणें, म्हणजे पन्नास वेळां भिंत चांचपावयास लावणें होय. तपासणी एकदां नीट व्हावी, एकाच डॉक्टरांच्या सल्ल्यानें व्हावी, आणि मग मनाच्या उपचारास आरंभ व्हावा. विचार आणि वर्तन यांना नवें वळण देणाऱ्या मानसोपचारानें हा धसका पुष्कळ आटोक्यांत येतो, हें आतां सिद्ध झालें आहे.

दोन टोंकें दाखविणें सोपें आहे. अडचण मधल्या मुलाची आहे. स्वमग्न मुलाच्या छंदाचा विषयच शरीर किंवा रोग हा असला तर? एखादा रक्तवाहिन्यांचीं चित्रें काढून वह्या भरतो, जेवतांना पाहुण्यांस यकृताचें कार्य समजावून देतो. पाहुणा घाबरेल, पण मुलगा नीट जेवतो, गाढ झोंपतो, आणि एक गोष्ट कळली कीं पुढची विचारतो. त्याला त्याच्या वह्या भरूं द्याव्या. दुसरा मात्र 'मला कर्करोग होईल कां?' एवढेंच विचारतो. उत्तर मिळालें तरी तेंच विचारतो, हात धुवून धुवून सोलवटून घेतो, रात्रीं आईला उठवितो. केवळ प्रश्नाच्या पुनरुक्तीवर मात्र जाऊं नये. स्वमग्न मूल ओळखीचें उत्तर ऐकण्याच्या सुखासाठींहि तोच प्रश्न विचारतें. तोंडाकडे पाहावें, ताटाकडे पाहावें, अंथरुणाकडे पाहावें. स्वमग्न माणसांत चिंतेचे विकार इतरांपेक्षां अधिक आढळतात. तेव्हां 'त्याचा तो नादच आहे' असें म्हणून खऱ्या भीतीकडे काणाडोळा करणें, ही गंड्यादोऱ्यांइतकीच मोठी चूक होय. आणखी एक. अशा पुष्कळ मुलांना 'पोट दुखतें' हें आपल्या शब्दांत सांगतां येत नाहीं. म्हणून मूल एकाएकीं एखाद्या अवयवाविषयींच बोलूं लागलें, तर छंद कीं धसका हा वाद घालण्यापूर्वीं तो अवयव तपासून घ्यावा.

छंद असेल तर त्याला काम द्यावें. बसचें वेळापत्रक हिसकावून घेण्यापेक्षां त्याच्याच आधारानें तास-मिनिटांची वजाबाकी शिकवावी. पाटीवर महिनाभर न उमटलेलें गणित तेथें आठवड्यांत उमटतें. जेवणाच्या वेळीं छंद आड येत असेल, तर त्याची स्वतंत्र वेळ ठरवून भिंतीवर लिहून ठेवावी. धसका असेल, तर शंकेचें उत्तर एकदांच, सोप्या शब्दांत, कागदावर लिहून मुलाच्या हातीं द्यावें, आणि पुन्हां विचारलें म्हणजे न रागावतां कागदाकडे बोट दाखवावें. इतकें करूनहि झोप आणि जेवण सुधारलें नाहीं, तर मानसवैद्याकडे जावें. तेथें मूल स्वमग्न आहे ही एक गोष्ट, आणि अलीकडे त्यानें अमुक रोगाचा धसका घेतला आहे ही दुसरी, अशा दोन्ही वेगवेगळ्या सांगाव्या, आणि आपल्या मुलाला सुखानें कशाचा नाद आहे, हेंहि न विसरतां सांगावें.