समुद्रातलं कासव आणि आपल्या गल्लीतला नाला
(वर्धापनदिनानिमित्त दिलेले व्याख्यान)



विहारात कासवाचा विषय कशाला, असं काहींना वाटेल. पण मनुष्यजन्म किती दुर्लभ आहे हे समजावताना भगवान बुद्धांनी कासवाचाच दृष्टान्त दिला आहे. शंभर वर्षांतून एकदा वर येणाऱ्या आंधळ्या कासवाची मान तरंगत्या जोखडाच्या एकुलत्या एका भोकात जाणे जितके दुर्मिळ, तितका हा जन्म दुर्मिळ. आज मात्र कासवाची मान सहज अडकते ती मासेमारीच्या जाळ्यात. २०१८ मध्ये राज्य सरकारने योजना आणली, की कासव सोडवण्यासाठी जाळं कापलं तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळावी.

भारताच्या समुद्रात कासवांच्या पाच जाती आढळतात. आपल्या कोकण किनाऱ्यावर अंडी घालायला येते ती मुख्यतः ऑलिव्ह रिडले. मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि परत जाते. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात.

ही अंडी नेणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पण नुसत्या कायद्याने भागत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला अंडी उकरून नेली जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेतलं आणि तेच गावकरी अंड्यांची राखण करू लागले.

लांब कशाला, आपल्या अंधेरीचा वर्सोवा किनारा घ्या. तिथे कचऱ्याचे ढीग होते. ऑक्टोबर २०१५ मध्ये वकील अफरोज शाह आणि त्यांचे वृद्ध शेजारी, दोघांनीच कचरा उचलायला सुरुवात केली. हळूहळू शेकडो हात जोडले गेले. मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडलेची ऐंशीच्या आसपास पिल्लं समुद्राकडे निघाली!

आता आपलं बघा. ओशिवरा नदी मालाडच्या खाडीला मिळते आणि ती खाडी वर्सोव्याजवळ समुद्राला. म्हणजे आपण नाल्यात टाकलेली पिशवी तिथेच पोचते. कासव ती जेलीफिश समजून गिळतं आणि मरतं. बुद्धपौर्णिमेला, १४ एप्रिलला आपण खीर वाटतो, पाणी वाटतो. दुसऱ्या दिवशी ते ग्लास कुठे असतात? नाल्यात. 'पाणातिपाता वेरमणी' म्हणणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा. पुढच्या वेळी घरची स्टीलची भांडी आणू या. माताभगिनींनी आणि तरुणांनी मनावर घेतलं तर अवघड नाही.

एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. नमो बुद्धाय, जयभीम!