सहांतली एक : जर्मेन तायफेर



आत्ता आपण जी सहा गाणी ऐकली ती १९२९ सालची. शब्द फ्रेंच आणि जुने, निम्मे तर पंधराव्या शतकातले. अर्थ कळला नसेल, पण चालीतला खट्याळपणा कळला असेल. एका गाण्यातली बायको म्हणते, नवऱ्यानं माझी बदनामी केली. दुसरीत तर एकनिष्ठतेलाच मूर्खपणा ठरवलंय. हे शब्द शोधून त्यांना चाली लावणाऱ्या बाईच्या स्वतःच्या घरात त्या वर्षी काय चाललं होतं, तिकडे मी येणारच आहे. पण आधी तिच्या नावाविषयी.

पॅरिसजवळच्या सां-मोर या गावी १८९२ साली ती जन्मली. वडिलांचं आडनाव तायफेस. आई पियानो वाजवायची, तिनंच मुलीला शिकवलं. वडिलांचा मात्र संगीतशिक्षणाला कडाडून विरोध. मुलीनं पॅरिसच्या संगीतविद्यालयात जाणं त्यांच्या लेखी सां-लाझारला जाण्यासारखंच होतं. सां-लाझार म्हणजे वेश्यांना डांबायचा तुरुंग! घरंदाज मुलीनं गाणंबजावणं करू नये, ही समजूत फक्त आपल्याकडेच होती असं वाटत असेल तर हे ऐकून ठेवा. तरीही १९०४ साली ती तिथे दाखल झाली, बक्षिसं मिळवली. वडिलांनी हात आखडता घेतला तेव्हा तिनं आडनावच बदललं. तायफेसचं तायफेर. फरक एका अक्षराचा, पण तो तिनं स्वतः केलेला.

विद्यालयात मियो, ओनेगेर, ओरिक हे सोबती भेटले. १९१७ च्या सुमारास एरिक साती या तऱ्हेवाईक, बुजुर्ग संगीतकारानं तिची दोन पियानोंची रचना ऐकली आणि तिला आपली संगीतातली लेकच म्हणायला सुरुवात केली. १९२० साली एका समीक्षकानं सहा तरुण रचनाकारांना मिळून ‘ले सीस’, म्हणजे ‘ते सहाजण’, असं नाव दिलं. पाच पुरुष आणि ही एकटी.

आता इथे जरा थांबू या. पाचांपैकी प्रत्येकाबद्दल त्याची शैली, त्याचा पिंड यावर लिहिलं जाई. हिच्या वाट्याला काय? ‘मोहक’, ‘नाजूक’, ‘बायकी’. कॉक्तोनं तिची तुलना मारी लोरांसां या चित्रकर्तीशी केली. त्यानं कौतुकानंच केली, पण बाईची तुलना बाईशीच! तिचा १९२४ चा पियानो कॉन्चेर्तो ऐका. त्यात अठराव्या शतकाचा काटेकोरपणा आहे, मध्येच खोडकर बेसूर ठोका आहे. मला त्यात नाजूक काही सापडत नाही.

१९२६ साली तिनं राल्फ बार्टन या अमेरिकन व्यंगचित्रकाराशी लग्न केलं आणि न्यूयॉर्कला गेली. बायकोचं नाव होतंय हे त्याला खपेना. पुढे दोघं फ्रान्सला परतली. तिला दिवस गेले तेव्हा मूल नको म्हणून तो पिस्तूल घेऊन पोटात गोळी घालायला निघाला, असं तिनं नंतर सांगितलं. ती पळाली, वाचली. गर्भ मात्र राहिला नाही. ते वर्ष १९२९.

आणि ही गाणीही त्याच वर्षाची. रडगाणी नव्हेत, हे लक्षात घ्या. पुढे आठवणी सांगतानाही, आयुष्य कठीण गेलं पण त्याबद्दल बोलायला आवडत नाही, आनंदी संगीत लिहिणं हीच माझी सुटका, अशा अर्थाचं ती बोलली. काहींना ही पळवाट वाटेल. मला वाटत नाही. जुन्या शब्दांआड उभं राहून तिनं जे म्हणायचं ते भर मैफलीत म्हणून घेतलं.

१९३१ साली बार्टननं आत्महत्या केली. तिचं दुसरं लग्नही सुखाचं झालं नाही, १९५५ साली घटस्फोट झाला. मधल्या काळात महायुद्ध आलं. १९४२ साली स्पेन, पोर्तुगालमार्गे ती अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेली, १९४६ साली परतली. पोटासाठी तिनं चित्रपटांना, रेडिओला संगीत दिलं. इतिहासकार याला ‘किरकोळ काम’ म्हणून बाजूला सारतात. घर चालवायला लिहिलेलं ते किरकोळ, हा हिशेब आपल्या चांगल्याच ओळखीचा आहे.

म्हातारपणी ती पॅरिसच्या एकोल आल्झासियन शाळेत लहान मुलांच्या वर्गाला पियानोची साथ करायची. ऐंशी उलटल्यावरही! हे सांगताना लोक हळहळतात. पण त्याच वयात तिचं लिहिणंही चालू होतं. सोप्रानो आवाज आणि वाद्यवृंदासाठी तिनं केलेला ‘एकनिष्ठतेचा कॉन्चेर्तो’ १९८२ साली पॅरिसच्या ऑपेरात सादर झाला. शीर्षक ऐकून मला १९२९ चं ते गाणं आठवतं आणि हसू येतं.

१९८३ च्या जुलैत ओरिक गेला आणि सहांतली ती एकटी उरली. नोव्हेंबरात तीही गेली, एक्क्याण्णव वर्षांची होऊन.

सुरुवात कुठून करायची असं विचाराल, तर हार्पसाठीचा १९२७ चा कॉन्चेर्तिनो आधी ऐका, मग पियानो कॉन्चेर्तो. आणि ही सहा गाणी पुन्हा एकदा, आता अर्थ माहीत असताना. चला, लावते.