दान नव्हे, हक्क

गरिबी दैवाने येते की माणसाच्या करणीने? राजकीय विचारवंत थॉमस पेन यांनी 1797 साली 'अ‍ॅग्रेरियन जस्टिस' या पुस्तिकेत ठाम उत्तर दिलं: गरिबी सुधारलेल्या समाजानेच निर्माण केली. जमीन मुळात सगळ्यांची. कसणाऱ्याची मालकी फक्त त्याने केलेल्या सुधारणेवर. म्हणून जमीनमालक समाजाचं देणं लागतो. पेन यांनी हिशेबही मांडला. वारसाहक्काने जाणाऱ्या मालमत्तेतला वाटा घेऊन निधी उभारायचा. एकविसाव्या वर्षी प्रत्येकाला 15 पौंड, पन्नाशीनंतर दरसाल 10 पौंड. गरीब असो वा श्रीमंत, सर्वांना. याच पेन यांच्या 'राइट्स ऑफ मॅन' या पुस्तकाने तरुण जोतीराव फुल्यांना प्रेरणा दिली. गरिबाला उपकार नको, न्याय हवा. प्रत्येक कल्याणकारी योजना याच कसोटीवर तपासायला हवी.