मावा मोजणारी माणसं

शिवडीच्या जेटीवर दुर्बिणी लावून रोहित पक्षी मोजणारी मंडळी तुम्ही पाहिली असतील. आज मी मोजणीचीच गोष्ट सांगणार आहे, पण टाचणीच्या डोक्याएवढ्या किड्याची. तुमच्या वडापावातल्या बटाट्याशी त्याचा थेट संबंध आहे.

हा किडा म्हणजे मावा. चाळीच्या गॅलरीतल्या मिरचीच्या कुंडीतही तो पानामागे चिकटलेला दिसतो. बटाट्याच्या शेतात तो रस शोषतो, पण खरा धोका वेगळाच. रोगट झाडावर सोंड टोचली, की विषाणू त्याच्याबरोबर शेजारच्या झाडात जातो आणि पुढे कंदात उतरतो. असा बटाटा खाऊन आपल्याला काही होत नाही. पण तो बेणं म्हणून लावला, की पीक खुरटतं.

मग औषध का फवारू नये? पानं गुंडाळणाऱ्या रोगाचा विषाणू पसरवायला माव्याला तासन् तास लागतात. तिथे फवारणी उपयोगी पडते. पण ‘वाय’ नावाचा विषाणू काही सेकंदांच्या टोचणीत इकडून तिकडे जातो. किडा मरेपर्यंत काम झालेलं असतं!

म्हणून मोजायचं. पंखवाल्या माव्याला पिवळ्या रंगाची ओढ, म्हणून शेतात पिवळी पाण्याची भांडी ठेवतात. शिवाय पानं उलटून पाहतात. शंभर पानांमागे २० मावे, ही धोक्याची रेषा. ती गाठायच्या आत पाला कापायचा, म्हणजे विषाणूची कंदात उतरायची वाट बंद. पूर्वी निरोगी बेणं थंड डोंगराळ भागातूनच येई. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेच्या डॉ. पुष्करनाथ यांनी ते मैदानात पिकवायची पद्धत बसवली. पंजाबात हिवाळ्याच्या सुरुवातीला मावा कमी असतो, त्याचा हा फायदा.

आपल्या मंचर, सातगाव पठारचे शेतकरी खरिपासाठी हेच पंजाबी बेणं विकत घेतात. लागवडीतला मोठा खर्च तोच. पाला लवकर कापला तर बेणं पिकवणाऱ्याचं वजन घटतं. आठवडाभर थांबला, तर त्याची किंमत सातगावचा शेतकरी मोजतो. आणि बेणं हातात घेऊन कितीही निरखलं, तरी आतला विषाणू दिसत नाही. त्याचा सगळा भरवसा दूरच्या शेतात कुणीतरी प्रामाणिकपणे उलटलेल्या त्या शंभर पानांवर.



(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)