जॉर्जिया-आर्मेनियाचा प्रवास आणि एक वही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही व्याख्याती नव्हे. मंडळात माझे काम आजवर हळदीकुंकवाची यादी करण्याचे आणि सतरंज्या मोजून घेण्याचे. परंतु २०२४ च्या सप्टेंबरात मी आणि माझ्या धाकट्या जाऊबाई जॉर्जिया-आर्मेनियाला जाऊन आलो हे कळल्यापासून चिटणीसबाईंनी माझा पिच्छा सोडला नाही. तेव्हा जे पाहिले ते सांगते. त्यातच एक गोष्ट माझ्या घरची आहे, तीही सांगणार आहे. ती सांगण्याचे धैर्य यावे म्हणून आधी प्रवासाचे वर्णन करते.

आम्ही एकंदर बावीसजण होतो. जाऊबाईंचे गुडघे दुखरे आणि माझा रक्तदाब चढा, तेव्हा घरच्यांचा पहिला प्रश्न हाच की, युरोप-अमेरिका सोडून तुम्हाला हा देश सुचला कसा? खरे सांगायचे तर, सुचला नाही. सहलीच्या यादीत तो आमच्या पैशांत बसला. काळा समुद्र एका बाजूला, कॅस्पियन दुसऱ्या बाजूला आणि मध्ये काकेशसचे डोंगर, एवढाच भूगोल मला ठाऊक होता.

पहिला मुक्काम तिबिलिसीला. जॉर्जियाची ही राजधानी म्त्क्वारी नदीच्या दोन्ही काठांवर वसली आहे. गावात गंधकाच्या गरम पाण्याचे झरे आहेत आणि त्यांवर विटांच्या घुमटांची स्नानगृहे बांधली आहेत. आपल्या वज्रेश्वरीची आठवण झाली. तेथून जवळच म्त्स्खेता ही जुनी राजधानी. टेकडीवर ज्वारी नावाचे तेराचौदाशे वर्षांचे मंदिर आहे आणि खाली अराग्वी व म्त्क्वारी या दोन नद्यांचा संगम दिसतो. एका नदीचे पाणी निळसर, दुसरीचे मातकट. काही अंतर ती शेजारी शेजारी वाहतात आणि मग एक होतात. गावात स्वेतित्सखोवेली हे अकराव्या शतकातले मोठे मंदिर आहे.

या देवळांत बायकांनी डोके झाकून जायचे असते. पँट घातलेल्या मुलींना दाराशी कमरेला गुंडाळायला फडकी ठेवलेली असतात. आमच्या गटातल्या मुली ती फडकी शोधत बसल्या. आम्ही दोघींनी मात्र पदर डोक्यावरून घेतला आणि सरळ आत गेलो. इतक्या वर्षांत नऊवारी-पाचवारीवरून सुनांचे टोमणे ऐकले, त्याचे त्या दिवशी सार्थक झाले!

आम्हाला माहिती सांगणारी मुलगी तिबिलिसीचीच, पंचविशीतली. तिने सांगितले की त्यांच्या देशाला ख्रिस्ती धर्म दिला तो एका बाईने. चौथ्या शतकात कापादोकियाहून निनो नावाची तरुणी चालत आली. द्राक्षवेलीच्या दोन फांद्या तिने आडव्या-उभ्या धरल्या आणि स्वतःच्या केसांनी बांधल्या. तोच तिचा क्रूस. म्हणून आजही त्यांच्या क्रूसाचे आडवे हात जरा खाली झुकलेले असतात. आधी राणी नानाने तिचे ऐकले, नंतर राजा मिरियनने. मुलगी पुढे म्हणाली, "आमची सर्वांत मोठी राणी तामार. ११८४ ते १२१३ तिने राज्य केले. तिला आम्ही 'मेपे' म्हणतो. मेपे म्हणजे राज्य करणारा. राजाची बायको नव्हे." हे ऐकून आमच्या गटातल्या पुरुषमंडळींनी एकदम फोटो काढायला सुरुवात केली.

तिसऱ्या दिवशी काखेती या द्राक्षांच्या मुलखात गेलो. तेव्हा तोडणीचे दिवस होते. तेथे द्राक्षाचा रस मातीच्या मोठ्या रांजणांत भरतात आणि रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात. त्याला ते 'क्वेव्री' म्हणतात. जॉर्जियात सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या भांड्यांत द्राक्षमद्याचा अंश सापडला आहे. आम्ही दोघींनी अर्थातच ताज्या रसावर भागवले. अक्रोडाच्या माळा दोऱ्यात ओवून, दाट शिजवलेल्या द्राक्षरसात पुन्हापुन्हा बुडवून वाळत टाकतात. त्या चुर्चखेला मात्र पोटभर खाल्ल्या. वांग्याच्या कापात लसूण-अक्रोडाचे वाटण भरतात, तेही आपल्या जिभेला परके वाटले नाही.

याच मुलखात आलावेर्दीचे उंच देऊळ आहे. तेथे त्या मुलीने राणी केतेवानची कथा सांगितली. काखेतीची ही राणी इराणच्या शाह अब्बासने शिराझला अनेक वर्षे ओलीस ठेवली. धर्म बदल, मग सुटशील, असे तिला सांगितले. ती बदलेना. १६२४ साली हालहाल करून तिला मारले. पोर्तुगीजांच्या ऑगस्टिनियन साधूंनी तिचे अवशेष मिळवले. काही तिच्या मुलाकडे पोचले आणि काही त्यांनी आपल्याबरोबर नेले. "ते कोठे नेले ठाऊक आहे?" ती आमच्याकडे पाहत म्हणाली, "तुमच्या गोव्याला."

भगिनींनो, जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिनचा तो एकटा उभा राहिलेला बुरूज आपल्यापैकी कित्येकींनी पाहिला असेल. मी दोनदा पाहिला. दोन्ही वेळा त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढला आणि नारळपाणी प्यायला गेले. त्याच पडक्या वास्तूत आपल्या पुरातत्त्व खात्याने खोदकाम केले, २००४ च्या सुमारास हाडांचे अवशेष मिळाले, हैदराबादच्या प्रयोगशाळेत त्यांची तपासणी झाली आणि २०२१ साली भारत सरकारने त्यांतील एक भाग जॉर्जियाला दिला. जवळजवळ चारशे वर्षे ज्या राणीची त्यांनी वाट पाहिली ती आपल्या अंगणात होती, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. त्या मुलीने माझा हात हातात घेतला आणि आभार मानले. मी काय केले होते? काहीच नाही. मला फार ओशाळल्यासारखे झाले.

पाचव्या दिवशी बसने सरहद्द ओलांडून आर्मेनियात आलो. लिपी बदलली, नाणी बदलली, माहिती सांगणारी व्यक्ती बदलली, डोंगर तेच. उत्तरेकडे हाघपात आणि सानाहिन हे दहाव्या शतकातले मठ एकमेकांपासून जवळच आहेत. दोन्हींच्या स्थापनेशी राणी खोस्रोवानुशचे नाव जोडलेले आहे. जाऊबाई म्हणाल्या, "वहिनी, इथे पाहावे तिथे बायकांनी काही ना काही करून ठेवलेले आहे."

गेघार्दचा मठ पाहून तर वेरूळच डोळ्यांपुढे आले. तेथेही डोंगर पोखरून देवळे केली आहेत. वर उजेडासाठी एक भोक, आत खांब, आणि एका खोलीत खडकातून झरा वाहतो. पाच बायका तेथे कोणत्याही वाद्याशिवाय गायल्या. त्यांचा आवाज दगडातून निघावा तसा सगळीकडून येत होता. जवळच गार्नीचे खांबांचे मंदिर आहे. १६७९ च्या भूकंपात ते कोसळले. जवळजवळ तीनशे वर्षे दगड तसेच पडून होते. १९६९ ते १९७५ या काळात तेच दगड निवडून ते पुन्हा उभे केले. जो दगड मिळाला नाही तेथे नवा, साधा, बिननक्षीचा दगड बसवला, म्हणजे जुने कोणते आणि नवे कोणते हे कोणालाही कळावे. हा प्रामाणिकपणा मला फार आवडला.

एका गावात लावाश भाजताना पाहिले. जमिनीत पुरलेली भट्टी, भोवती मांडी घालून बसलेल्या बायका. एक लाटते, दुसरी हातांवर फिरवून ती पातळ पोळी ताणते आणि उशीवर पसरून भट्टीच्या भिंतीला चिकटवते. अगदी आपले खापरावरचे मांडे! जाऊबाईंना राहवले नाही. त्यांनी हात धुऊन एक पोळी ताणून दाखवली. ती फाटली नाही तेव्हा त्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. भाषा एकही नव्हती, पण पिठाची भाषा सर्वांना येत होती. ही पोळी वाळवून महिनोन्महिने ठेवतात आणि पाणी शिंपडून पुन्हा मऊ करतात.

खोर विराप येथून आरारात पर्वत दिसतो. आर्मेनियन लोकांचा तो जीव की प्राण. पण आज तो तुर्कस्तानात आहे आणि सरहद्द बंद आहे. रोज दिसावा आणि जाता येऊ नये! येथेच ग्रेगरी या संताला राजाने खोल विहिरीत तेरा वर्षे कोंडले होते, असे सांगतात. तो जगला कसा? गावातली एक बाई रोज एक भाकरी वरून टाकत होती. पुढे राजाने धर्म स्वीकारला. परंपरेने ते वर्ष ३०१ मानतात. संताचे नाव साऱ्या जगाला ठाऊक. त्या भाकरीवालीचे आमच्या सहलीत कोणी विचारलेही नाही.

आता शेवटचा मुक्काम येरेवान. तेथे मातेनादारान नावाचे हस्तलिखितांचे भांडार आहे. दाराशी मेस्रोप माश्तोत्सचा पुतळा आहे. ४०५ साली याने आर्मेनियन भाषेसाठी छत्तीस अक्षरांची लिपी तयार केली. आत सतरा हजारांच्या आसपास हस्तलिखिते आहेत. एका काचेच्या पेटीत एक प्रचंड पोथी आणि तिच्याजवळ आगपेटीहून लहान अशी १४३४ सालची पंचांगवही, वजन एकोणीस ग्रॅम. मोठ्या पोथीचे वजन सुमारे अठ्ठावीस किलो. ती १२०० ते १२०२ या काळात चामड्याच्या पानांवर लिहिली आहे.

१९१५ साली तुर्की साम्राज्यात आर्मेनियन लोकांची कत्तल झाली, लाखो माणसे मारली गेली, उरलेली वाट फुटेल तिकडे पळाली. त्या वेळी मुश गावच्या मठाच्या पडझडीत दोन बायकांना ही पोथी सापडली. एकीला उचलेना. तेव्हा त्यांनी तिचे दोन भाग केले आणि एकेकीने एकेक पाठीवर घेतला. घरदार गेलेले, पोटात अन्न नाही. एक बाई तो भाग घेऊन एच्मियाद्झिनला पोचली. दुसरी वाटेत एर्झुरुमजवळ मेली. पण मरण्यापूर्वी तिने आपला भाग पुरून ठेवला. तो पुढे एका लष्करी अधिकाऱ्याच्या हाती लागला, आणि दोन्ही भाग पुन्हा एकत्र आले. त्या दोघींपैकी कोणाला ती पोथी वाचता येत होती की नाही, देव जाणे.

आमच्या गटातली मंडळी पुढे गेली. आम्ही दोघी तेथेच उभ्या राहिलो. मग जाऊबाई हळूच म्हणाल्या, "वहिनी, सासूबाईंची ओव्यांची वही तुमच्याकडेच आहे ना हो? ट्रंकेत?"

भगिनींनो, ती वही माझ्याकडे नाही. सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. जात्यावरच्या, डोहाळ्यांच्या, माहेरच्या अशा दोनशेच्या वर ओव्या त्यांनी मामंजींच्या जुन्या खतावणीत शिसपेनने लिहिल्या होत्या. त्या गेल्यानंतर दोन वर्षांनी, १९९८ साली, घराला रंग दिला. त्या गडबडीत मी ती खतावणी वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात बांधली आणि रद्दीवाल्याला दिली. चुकून दिली नाही. उघडून पाहिली होती. ‘आता कोण दळते,’ असे मनात म्हणाले आणि दिली. सव्वीस वर्षे मी हे कोणाला सांगितले नव्हते. मला दुपारचे ऊन नव्हते, पाठीवर ओझे नव्हते, मागे तलवार नव्हती. फक्त एक फळी रिकामी करायची होती.

तेथेच, त्या काचेपुढे, मी जाऊबाईंना सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. बसमध्येही बोलल्या नाहीत. दुपारी त्सित्सेर्नाकाबेर्दच्या टेकडीवर १९१५ च्या मृतांचे स्मारक पाहिले. तिरप्या दगडांच्या मध्ये ज्योत तेवत असते. तेथे प्रत्येकीने एकेक फूल ठेवले, तरी त्या गप्पच. रात्री मुक्कामावर त्यांनी पिशवीतून सहलीच्या कार्यक्रमाचा कागद काढला, उलटा केला आणि म्हणाल्या, "लिहा. मला येतात त्या मी सांगते, तुम्हाला येतात त्या तुम्ही सांगा."

पहाटे दोनपर्यंत बसलो. एकोणीस ओव्या जमल्या. दोनशेतल्या एकोणीस! एका ओवीत त्यांना 'पाखरू' आठवते आणि मला 'वासरू'. बराच वाद झाला. शेवटी गार्नीच्या दगडांची आठवण झाली आणि दोन्ही शब्द लिहून ठेवले.

जाऊबाईंनी मला क्षमा केली का, ते मी विचारलेले नाही. त्या आज समोर बसल्या आहेत. पण परत आल्यापासून दर गुरुवारी त्या घरी येतात. आता ओव्यांची संख्या एकतीस झाली आहे.

आता एवढेच मागते. आपल्या मंडळाच्या कपाटात पहिल्या वर्षांची इतिवृत्ते आहेत. मी परवा सतरंज्या काढताना पाहिली. कसर लागली आहे. आपापल्या घरी ट्रंकेत, माळ्यावर आई-सासवांच्या वह्या, पाककृतींचे कागद, पत्रे असतील. दिवाळीची झाडलोट तोंडावर आहे. रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी एकदा गठ्ठा सोडून पाहा. एकटीला उचलत नसेल तर शेजारणीला बोलवा. मी आणि जाऊबाई शनिवारी दुपारी तीन वाजता मंडळात उतरवून घ्यायला बसणार आहोत. येताना चष्मा आणावा.